कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातील तळ : माझा अनुभव

माझ्या कॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, पिंजरा जंगलासारखा दिसावा म्हणून मी तळाशी झाडाच्या सालीचे बारीक तुकडे पसरले होते. एके दिवशी कॅमेलिऑनने तळावरच्या रातकिड्यावर जीभ फेकली आणि किड्याबरोबर सालीचा एक कपटाही तोंडात ओढला. सुदैवाने तो त्याने थुंकला; गिळला असता तर आतडे तुंबण्याचा धोका होता. साल उकरून पाहिली, तेव्हा रोजच्या फवाऱ्याने तिचा खालचा थर कुजट झाला होता, त्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि न खाल्लेले रातकिडे तिथेच दडून बसले होते.

मी सर्व साल काढून तळावर साधा छपाईविरहित कागद अंथरला. तो ओला होताच बदलतो, त्यामुळे विष्ठेतील बदलही लगेच लक्षात येतो. कुंड्यांतील माती तोंडात मावणार नाहीत अशा मोठ्या गोट्यांनी झाकली आणि किडे आता उंच कडांच्या वाडग्यातच देतो. हा प्राणी फांद्यांवर राहणारा असल्याने त्याला मऊ तळाची गरजच नसते. मादीला मात्र अंडी घालण्यासाठी ओलसर वाळूचे खोल भांडे वेगळे द्यावेच लागते.