पिंजऱ्यात पक्षी अचानक गेलेला दिसला, तर

आमचा चिकू, करड्या रंगाचा कॉकाटील (पोपटाच्या जातीचा छोटा पक्षी), सहा वर्षं आमच्याकडे होता. रात्री पिंजऱ्यावर चादर टाकताना त्याने नेहमीसारखी मान खाजवून घेतली. सकाळी साडेसहाला चादर काढली, तर तो खालच्या कागदावर पडलेला, पाय आखडलेले, अंग गार. नऊ वाजायच्या आत आम्ही त्याला सोसायटीच्या बागेत पुरलं. ती घाई मला आजही सलते, म्हणून हे लिहितेय.

रडू येईल, येऊ द्या. पण पुरण्याआधी तासभर थांबा. पिंजरा आहे तसाच ठेवून फोटो काढा: पक्षी कुठे पडलाय, विष्ठा कशी आहे, पाणी किती उरलंय. आदल्या दिवशी काय खाल्लं, घरात रंगकाम, फवारणी, डासांची कॉइल असं काही होतं का, ते लगेच कागदावर लिहा. दोन दिवसांनी यातलं निम्मं आठवत नाही. नॉनस्टिकचा रिकामा तवा गॅसवर फार तापला होता का, हेही आठवून पाहा. त्या धुराने पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

मग शवविच्छेदन करायचं का, ते ठरवा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून पक्षी उचला, दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधा आणि गार ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको, गोठल्यावर आतले अवयव तपासायला नीट राहत नाहीत. घरच्या फ्रिजला कुणी तयार होणार नाही, तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घाला. आपल्या डॉक्टरांना फोन करा, किंवा परळच्या, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. जितक्या लवकर पोचवाल तितकं बरं. एवढं करूनही कधीकधी कारण सापडत नाही, ही तयारी ठेवा.

दुसरे पक्षी असतील तर त्यांना लगेच वेगळ्या, स्वच्छ पिंजऱ्यात हलवून डॉक्टरांना दाखवा. जुना पिंजरा कोरडा झाडू नका, ओला करून पुसा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांकडून सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाला होतो. पुढच्या काही आठवड्यांत घरात कुणाला ताप, खोकला आला, तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगा.

सगळ्यात अवघड काम यानंतरचं. आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी दिव्यापाशी अगरबत्ती लावायच्या. चिकू गेला त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, अगरबत्तीचा पुडा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. चार दिवस पुडा तिथेच होता. पाचव्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, सहा वर्षं रोज अगरबत्ती लागत होती. तो कशाने गेला ते आपल्याला माहीत नाही. तुमच्यामुळे गेला असं मला वाटत नाही." त्या कितीतरी वेळ रडल्या. मला ते पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. धूर पक्ष्यांना वाईटच, पुन्हा पक्षी आणलात तर अगरबत्ती दुसऱ्या खोलीत लावा. पण माहीत नसलेल्या कारणाचं ओझं घरातल्या कुणावर टाकू नका, स्वतःवरही नाही. पक्षी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत ते ठणठणीत असल्यासारखे वागतात. कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगू शकतो हे माहीत असलं, की सहाव्या वर्षाचं जाणं जास्तच लागतं.

मुलांना "उडून गेला" असं सांगू नका. आमचा धाकटा पुरताना सोबत होता, त्यानेच वर माती लोटली. खोटं सांगितलं असतं तर तो रोज खिडकीशी उभा राहिला असता.

कुकरची तिसरी शिट्टी झाली की चिकू चौथी द्यायचा. पहिले काही दिवस त्या वेळी मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचे, आता थांबते. फोडलेल्या पाकिटातलं त्याचं राळं टाकून दिलं, आजार असलाच तर तो दुसऱ्या पक्ष्यांना नको. बंद पाकीट शेजारच्या मुलीच्या बजरीगार पक्ष्यांना दिलं. पिंजरा धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवलाय. नवा पक्षी आणायचा का, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.