व्हिनेट देण्यापूर्वी कोपरे तपासा

छायाचित्राच्या कडा किंचित गडद करून नजर मुख्य विषयाकडे वळवणे हा व्हिनेटचा खरा उपयोग आहे. मात्र तो देण्यापूर्वी लेन्समुळे कोपऱ्यांत आपोआप आलेला काळोख काढून टाकावा, कारण अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून टिपलेल्या चित्रात तो बहुधा असतोच आणि त्यावर दुसरा थर चढला की कोपरे मळकट दिसू लागतात. म्हणून आधी लेन्स करेक्शन (लेन्सचे दोष सुधारणे), मग क्रॉप (नको असलेल्या कडा कापणे) आणि सर्वांत शेवटी व्हिनेट, हा क्रम पाळावा.

लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फेदर’ (कडेचा मऊपणा) तात्पुरते ० वर आणल्यास गडद पट्ट्याची कड स्पष्ट दिसते. ती चेहऱ्याला किंवा हाताला छेदत असेल तर ‘मिडपॉइंट’ (गडदपणा मध्यापासून किती दूर सुरू होतो ते) वाढवून तिला बाहेर सरकवावे, त्यानंतर फेदर ८० च्या आसपास न्यावे आणि ‘अमाउंट’ (गडदपणाची तीव्रता) इतकेच ठेवावे की व्हिनेट बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल. चित्र लहान आकारात पाहिल्यास अतिरेक चटकन लक्षात येतो.

विषय चौकटीच्या मध्यभागी नसेल तर मात्र हे साधन माझ्या मते वापरूच नये. अशा वेळी विषयाभोवती रेडियल मास्क (फक्त निवडलेल्या गोलाकार भागावर बदल करणारे साधन) आखून, तो उलटवून, बाहेरच्या भागाचे एक्स्पोजर (उजळपणा) अर्धा स्टॉप (उजेड मोजण्याचे एकक) उतरवणे अधिक नैसर्गिक दिसते. मोकळ्या आकाशाच्या किंवा बर्फाच्या चित्रात कोपऱ्यांतली करडी छटा लगेच खटकते, तेव्हा तिथे हात विशेष आखडता ठेवावा.