घाटात पंक्चर झाले तर: सायकलस्वाराने घरीच करावयाची तयारी

पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावकडे सायकलने निघालेल्या माणसाला पौड मागे पडले, की पंक्चरची दुकाने विरळ होत गेलेली दिसतात. मुळशीच्या जलाशयाच्या कडेने पुढे गेल्यावर तर दुकान सोडाच, बऱ्याच ठिकाणी मोबाइलची रेंजही मिळत नाही. अशा रस्त्यावर मागच्या चाकातली हवा गेली आणि जवळ काहीच नसले, तर सायकल ढकलत चालायचे आणि एखादा टेम्पो थांबण्याची वाट पाहायची, एवढेच हाती उरते. ज्याच्याजवळ योग्य मापाची ट्यूब आहे आणि ती बदलण्याची हाताला सवय आहे, त्याचे मात्र वीस मिनिटांत भागते. ही सवय घाटात लागत नाही, ती घरीच लावून घ्यावी लागते. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

गावोगावी पंक्चरवाले असतातच, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे नव्याने लांबच्या फेऱ्या करू लागलेले अनेक जण विचारतात. पंक्चरवाल्याच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्याच्याकडे माल असतो तो मोटारसायकलींचा, ट्रकचा आणि फार तर जुन्या काळ्या सायकलींचा. त्या काळ्या सायकलीचे टायर २८ × १½ या मापाचे असते आणि त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर आजच्या रोड किंवा हायब्रिड सायकलीच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. तेरा मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. ट्यूब ताणली जात असल्यामुळे ती एखादे वेळी चालूनही जाईल, पण तिचा जाड व्हॉल्व्ह आपल्या रिमच्या अरुंद भोकातून जात नाही आणि तिथेच गाडे अडते.

म्हणून पहिले काम असे, की आपल्या टायरच्या बाजूवर उमटवलेले आकडे वाचून ते वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवावेत. ३२-६२२ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास सांगतो, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी आणि २९ इंच अशी दोन नावे असली, तरी दोन्हींचा व्यास ६२२ च असतो, २७.५ इंचांचा ५८४ आणि जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा (एमटीबी) ५५९ असतो. दुकानात ट्यूब मागताना इंच सांगण्यापेक्षा हे आकडे सांगावेत, म्हणजे गफलत होत नाही. ट्यूबच्या खोक्यावर ती किती ते किती रुंदीच्या टायरला चालेल हे छापलेले असते, आणि आपल्या टायरची रुंदी त्या मर्यादेत बसते ना, हे पाहूनच ती घ्यावी.

व्हॉल्व्हचे तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. काळ्या सायकलींना जो असतो त्यात वॉलट्यूब नावाची छोटी रबरी नळी बसवलेली असते. मोटारसायकलींना असतो तसा जाड व्हॉल्व्ह म्हणजे श्रेडर, आणि बारीक, उंच, टोकाशी छोटी चकती असलेला तो प्रेस्टा. प्रेस्टात हवा भरण्यापूर्वी टोकाची चकती सैल करून ती क्षणभर दाबावी लागते; हे माहीत नसल्यामुळे पंप बिघडला असे समजून कित्येक जण हताश होतात. ज्यांच्या सायकलीला प्रेस्टा आहे, त्यांनी त्यावर बसणारा छोटा पितळी अडॅप्टर बॅगेत टाकून ठेवावा, म्हणजे मोटारसायकलींच्या हवेच्या नळीनेही हवा भरता येते. मात्र ट्रकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब मोठा आणि आपली ट्यूब इवलीशी, त्यामुळे नळी अर्धा सेकंद लावून काढायची, बोटाने टायर दाबून पाहायचे आणि मग पुन्हा लावायची, असेच करावे.

सामानाचे म्हणाल, तर सीटखालच्या छोट्या बॅगेत मावेल एवढेच पुरते. दोन नव्या ट्यूब, तीन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर (टायरची कड रिमवरून उचकटण्याच्या पट्ट्या), पॅच, पॉलिशपेपर आणि सोल्यूशन यांची डबी, आणि चाक नटबोल्टचे असेल तर त्या नटांना बसणारा पाना; बहुतेक सायकलींना तो १५ नंबरचा लागतो, पण आपल्या नटाला लावून पाहिल्याशिवाय कोणताही पाना बॅगेत टाकू नये. ट्यूब एकच घ्यावी की दोन, असा प्रश्न येतो. माझे मत ठामपणे दोनचे आहे, कारण पहिल्या पंक्चरचे कारण टायरमध्येच राहून गेले, तर दुसरी ट्यूब काही मिनिटांतच लागते. ट्यूब बॅगेत तशीच कोंबू नये. लिव्हरच्या कडेला घासून ती न वापरताच फाटते आणि ऐन वेळी ते लक्षात येते. जुन्या मोज्यात किंवा फडक्यात गुंडाळून ठेवली, तर ट्यूबही सुरक्षित राहते आणि हात पुसायला फडकेही मिळते.

पंप विकत घेताना तो वजनाला किती हलका आहे यापेक्षा त्याला छोटी लवचीक नळी आहे का, हे पाहावे. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर लावून जोर दिला, की व्हॉल्व्ह मुळाशी हलतो आणि नवी ट्यूब तिथेच फाटण्याची भीती असते. घरी आणल्यावर टायर पूर्ण रिकामे करून याच पंपाने ते चालवण्याइतके भरून पाहावे आणि किती दट्टे लागले ते मोजावे. दोनशे दट्टे लागत असतील, तर ते आधी माहीत असलेले बरे, कारण रस्त्यावर शंभरानंतर पंपाविषयीच शंका येऊ लागते. १६ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांनी काम झटपट होते, पण एक नळकांडे एकदाच चालते आणि तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा भरावे लागते. नळकांडी असली तरी पंप सोबत हवाच.

आता सराव. सुटीच्या दिवशी दोन तास काढून मागचे चाक स्वतः काढावे आणि बसवावे. मागचेच, कारण अंगाचे अधिक वजन त्यावर असते, पंक्चरही तेच जास्त होते, आणि साखळीमुळे तेच अवघड जाते. आधी गिअर बदलून साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रीवर आणावी, मग ब्रेक रिमचे असतील तर ते सैल करून चाक खाली सोडवावे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील, तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये. पॅड आतल्या आत मिटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवल्यास ही चिंता राहत नाही.

टायर काढताना उरलीसुरली हवा पूर्ण सोडावी आणि टायरच्या दोन्ही कडा सगळीकडून बोटांनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलाव्यात. रिमचा मध्य कडेपेक्षा खोल असतो आणि कडा तिथे उतरल्या, की टायर तेवढे सैल होते. घट्ट टायर सुटण्याचे सगळे रहस्य यातच आहे. नंतर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घालून एकच कड बाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. टायर बसवताना त्यावरचे नाव नेहमी नेमके व्हॉल्व्हपाशी येईल असे बसवण्याची सवय ठेवावी. ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर सापडले, तर टायरमधला काटाही त्या नावापासून वीतभर अंतरावरच शोधायचा असतो, म्हणजे शोध चटकन आटोपतो.

हा शोध घेतल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून आवर्जून सांगतो. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर एका पहाटे माझे मागचे चाक बसले. अंधार होता, घाई होती, टायरवरून वरवर हात फिरवला आणि नवी ट्यूब घातली. चार किलोमीटरवर ती गेली. दुसरीही तशीच घातली आणि तीही गेली. उजाडल्यावर टायर पूर्ण उलटे करून पाहिले, तेव्हा केसाएवढी पोलादी तार आतून जेमतेम एक मिलिमीटर डोकावत होती. ट्रकचे रेडियल टायर फुटले, की त्याच्या आतील तारांचे तुकडे महामार्गाच्या कडेला विखुरतात आणि सायकलही नेमकी त्या कडेनेच चालते. ही तार नुसत्या नजरेला दिसत नाही. कापडाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवावा. कापड जिथे अडकेल, तिथे तार किंवा काट्याचे टोक आहे असे समजावे, आणि मग ते नखाने किंवा छोट्या चिमट्याने उपसून काढावे. उघड्या बोटांनी चाचपडू नये, काचेचा तुकडा असेल तर बोट कापते.

भोकाचा आकारही कारण सांगतो. एकच बारीक छिद्र बाहेरच्या बाजूस असेल, तर काटा किंवा तार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिमखाली चेमटली आहे, आणि अशा वेळी टायरमध्ये काही सापडणार नाही. छिद्र ट्यूबच्या आतल्या बाजूस, म्हणजे स्पोकच्या दिशेला असेल, तर रिमवरची पट्टी सरकलेली किंवा फाटलेली असते. ती नीट केल्याखेरीज कितीही ट्यूब घातल्या तरी उपयोग होत नाही.

नवी ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात थोडीशी हवा भरावी, म्हणजे ती गोल राहते आणि पीळ पडत नाही. टायरची कड बसवण्यास व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, आणि शेवटचा भाग शक्यतो तळहाताच्या जोराने आत लोटावा. तिथे लिव्हर वापरल्यास ट्यूब चिमटण्याचा धोका सर्वाधिक असतो. नंतर व्हॉल्व्ह आत ढकलून सोडावा, टायर दोन्ही बाजूंनी फाकवून ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना हे पाहावे, आणि मगच पूर्ण हवा भरावी.

दोन्ही ट्यूब संपल्या, तर पॅच लावण्याशिवाय इलाज नसतो. छिद्राभोवतीची जागा पॅचपेक्षा थोडी मोठी, रबराची चकाकी जाईपर्यंत घासावी आणि जोडाची उभी रेघ तिथून जात असेल तर तीही सपाट करावी. सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण सुकेपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबावे. बहुतेक पॅच निसटतात ते ओल्या सोल्यूशनवर घाईने चिकटवल्यामुळे. पॅच बसवल्यावर तो मध्यापासून कडेकडे जोराने दाबावा. सोल्यूशनची नळी एकदा उघडली, की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, त्यामुळे दर पावसाळ्यापूर्वी नवी घ्यावी. टायरलाच मोठी चीर पडली असेल, तर आतून आधार द्यावा लागतो. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून धुतलेला तुकडा या कामाला उत्तम असतो, कारण तो पातळ असूनही फाटत नाही. तो बॅगेत आधीपासूनच ठेवावा.

पंक्चर कमी व्हावीत यासाठी हवेचा दाब दर फेरीपूर्वी तपासावा. टायरवर कमाल दाब छापलेला असतो. त्याखाली राहून, आपल्या वजनानुसार तो ठरवावा. सोलापूर आणि नगरच्या बाजूला पावसाळा सरल्यावर रस्त्याकडेचे सराटे वाळतात, आणि शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांचे काटेही रस्त्यावर येतात. त्या भागात चहासाठी थांबताना सायकल मातीत उतरवू नये आणि निघण्यापूर्वी दोन्ही टायरांवर नजर टाकावी. पावसात वाहून आलेली खडी आणि काच कडेला साचते, शिवाय ओले रबर सहज कापले जाते, म्हणून त्या दिवसांत, मागची रहदारी पाहून, कडेपासून थोडे आत चालवणेच योग्य. ट्यूबलेस टायर वापरणाऱ्यांनीही एक ट्यूब बाळगावी. त्यातला छिद्रे बुजवणारा द्रव आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत सुकतो आणि मोठी चीर त्याने भरून येत नाही.

ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करणाऱ्यांनी हे सर्व रात्री, डोक्याला टॉर्च बांधून, एकदा तरी करून पाहावे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते आणि सोबतच्या गाडीची मदत फक्त नियंत्रण केंद्रांवरच घेता येते, मधल्या रस्त्यावर आपले आपणच पाहायचे असते.

फेरीहून परतल्यावर पंक्चर झालेली ट्यूब त्याच संध्याकाळी काढावी, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे पाहून पॅच लावावा, आणि हवा भरून रात्रभर खुंटीला टांगून ठेवावी. सकाळी ती तशीच टणक असेल, तर हवा सोडून, मोज्यात गुंडाळून पुन्हा बॅगेत ठेवावी.