वेल्डिंग रॉड जॉबला (जोडायच्या धातूला) चिकटत असेल तर

नवशिक्याचा रॉड आर्क (रॉड आणि जॉबमधली विजेची सलग ज्योत) धरण्याआधीच चिकटतो. बहुतेकदा कारण एकच: करंट कमी आणि हात संथ.

६०१३ (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा रॉड) चा २.५ मिमी रॉड ७५–८० अँपिअरवर लावा, ३.१५ मिमीचा ११० च्या आसपास. अर्थिंगचा क्लॅम्प (मशीनची दुसरी वायर जॉबला जोडणारा चिमटा) गंजावर किंवा रंगावर नको. तेवढी जागा ग्राइंडरने चकचकीत करा.

१. जॉबशेजारी भंगार पट्टी ठेवून तिच्यावर आधी आर्क धरा. टोक तापलं की लगेच जॉबवर या.
२. रॉड टोचू नका, काडेपेटीची काडी ओढतात तसा घासा.
३. ठिणगी पडताच किंचित उचला. अंतर रॉडच्या तारेच्या जाडीइतकंच.

अर्धा वापरलेला रॉड पुन्हा सहज पेटत नाही, कारण टोकावर स्लॅगची (वितळून थिजलेल्या आवरणाची) टोपी बसते. फरशीवर हलकेच टेकवून ती फोडा. जोरात आपटलात तर फ्लक्स (तारेवरचं आवरण) झडतो, तार उघडी पडते आणि रॉड हमखास चिकटतो.

चिकटलाच, तर मनगटाला झटकन पीळ द्या. तरीही सुटला नाही तर होल्डर (रॉड धरणारा हातातला चिमटा) दाबून रॉड सोडा. पण त्या क्षणी होल्डरपाशीही आर्क उडतो, म्हणून तोवर वेल्डिंगची काच डोळ्यांवरून काढू नका.