भर पावसात मोटरहोम घेऊन कोल्हापूर सोडायचं असेल तर

मोटरहोममध्ये राहणाऱ्याला पावसातला प्रवास ड्रायव्हर म्हणून करावा लागतोच, शिवाय घर सांभाळतही करावा लागतो. मागे शेगडी, अंथरूण, पाण्याची टाकी, सगळा संसार असतो. तरी एक मोठी सोय असते: निघालंच पाहिजे असं नसतं. खालची सगळी तयारी ही सोय शाबूत ठेवण्यासाठी आहे.

१. आदल्या संध्याकाळी आधी नदी बघा

कोल्हापुरात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पंचगंगा चढत असते. पाऊस कोसळतो गगनबावडा, राधानगरीकडे, आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ते पाणी शहराच्या दारात आणून सोडतात. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. त्यासोबत राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत तेही विचारा. एकूण सात आहेत आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, मध्यरात्रीसुद्धा. त्यामुळे रात्री बघितलेल्या आकड्यावर विसंबून सकाळी इंजिन सुरू करू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता. बेळगावच्या बाजूला निपाणीजवळ यमगर्णीतही पाणी आलं होतं. माझा हिशेब साधा आहे: पातळी ३९ च्या आसपास आणि अजून चढतीच, तर त्याच संध्याकाळी उजेडात बाहेर पडा, नाहीतर उंचावर गाडी लावून निवांत राहा. पहाटे बघू म्हणणारे अडकतात.

२. जवळचा रस्ता विसरा

मोबाईलचा नकाशा हमखास एखादा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा (नदीवरचा बुटका बांध) दाखवतो, कारण उन्हाळ्यात त्यावरून वाहतूक चालते. पावसाळ्यात पाण्याखाली पहिल्यांदा जातात ते हेच बंधारे. तसाही तिथे मोटरहोमचा जीव जेमतेम मावतो. गगनबावडा आणि रत्नागिरी या दोन्ही रस्त्यांवर पुराचं पाणी येतं. कोकणात उतरायचं असेल तर करूळ किंवा भुईबावडा घाट चालू आहे का, हे निघण्याआधीच विचारून घ्या. धुकं आणि दरड दोन्हींचा विचार करता घाट दिवसाच उतरावा.

३. घर आवरा

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, छतावरची झडप घट्ट, ताडपत्री झटकून गुंडाळलेली. सांडपाण्याची टाकी योग्य जागी रिकामी करा, ओढ्यात नको. सोलरवर भरवसा नको, आदल्या रात्रीच बॅटरी विजेवर चार्ज करून घ्या.

पिण्याच्या पाण्याचं मात्र उलटं आहे. थांबायचं ठरलं तर टाकी काठोकाठ भरा. महापुरात उपसा केंद्रं बुडाली की शहराचे नळ बंद पडतात, आणि सगळीकडे पाणी असताना टँकरची वाट बघावी लागते.

४. चालवताना

उंच, चपट्या बाजूंच्या गाडीला वारा ढकलतो, पूल आणि मोकळ्या शिवारात जास्तच. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. निदान या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या नसतात, तेवढंच सुख.

रस्त्यावरून वाहतं पाणी दिसलं तर थांबा. फूटभर वाहतं पाणी छोटी कार हलवू शकतं, दोन फूट असेल तर बहुतेक वाहनं वाहून जाऊ शकतात. एसटी गेली म्हणून आपली जाईल असं नाही, आणि पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे का हे वरून कळतही नाही.

५. मुक्काम

काळ्या मातीवर चाक टाकू नका, सकाळी ट्रॅक्टर शोधावा लागेल. मुरूम किंवा काँक्रीट बघा. नदीघाटाची पार्किंग आणि जुन्या झाडाखालची जागा टाळा. माझी पसंती मंगल कार्यालयाला. आषाढ-श्रावणात ती बहुधा रिकामी असतात, आवार पक्कं असतं, संडास असतो. वॉचमनला सरळ विचारावं, “मामा, रात्रीपुरती गाडी लावू काय?” गाडीचं तोंड फाटकाकडे ठेवा.

६. आतला ओलावा

ओले कपडे आणि बूट दाराशीच थांबवा, एक बादली आणि पोतं तिथेच ठेवा. कोल्हापुरी चपला तर कोरड्या कपाटात गेल्या पाहिजेत, भिजलं की कातडं बिघडतं. कपडे वाळवायला शेगडी पेटवू नका. गॅस जळताना वाफ तयार होतेच, आणि बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. त्या दिवशी भजी बाहेरून आणावी. आत भडंग आणि चहा पुरे.

झोपण्याआधी झडपेच्या कडा, खिडक्यांचे कोपरे आणि गादीची खालची बाजू हाताने चाचपून बघा. प्लायवूड मऊ लागलं तर गळती आज सुरू झालेली नाही. ओल्या पत्र्यावर सीलंट धरत नाही, तोवर वॉटरप्रूफ टेप लावा, खाली भांडं ठेवा आणि दिवसभराची उघडीप मिळाली की आधी ते काम काढा.