पाणी गेलं की नळ उलटा ओढतो

मी कोल्हापुरात नळजोडणीची कामं करतो. शिवाजी पेठेतल्या एका गोठ्यात म्हशींच्या हौदात नळाची पाईप कायम बुडलेली असायची. पाणी गेलं की लाईनमध्ये पोकळी होते. उताराच्या घरात कुणी नळ सोडला की हौदातलं पाणी उलटं लाईनीत ओढलं जातं, आणि पुढच्या पाळीला तेच शेजारचं लेकरू पितं.

म्हणून पहिलं काम, बिनखर्चाचं: पाईप बुडवायची नाही. नळाचं तोंड हौदाच्या काठापासून नळाच्या व्यासाच्या दुप्पट तरी वर हवं. अर्ध्या इंची, म्हणजे बाजारात १५ मिमी म्हणतात त्या नळाला साधारण ३० मिमी. माझा सगळ्यात जास्त भरवसा ह्या मोकळ्या फटीवर आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

मीटरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा; त्यावरचा बाण घराकडे. आत कचरा अडकला तर तो नीट मिटत नाही, तेव्हा वर्षातून एकदा खोलून धुवा.

बोअरची लाईन नळाच्या लाईनीला जोडू नका, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी. दोन्ही पाणी टाकीत वेगवेगळं, वरून पडू दे. आणि मोटर थेट नळाला कधीच नको. ती ओढते तेव्हा गटारातल्या गळक्या जोडातून सांडपाणी आत शिरतं.