नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरवरील काट्यावर विसंबू नये
ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये केवळ वायू असतो, कारण उणे ११८ अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजन कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. त्यामुळे दाबमापकाचा काटा निम्म्यावर आला की साठाही साधारण निम्म्यावर आला, असे खुशाल समजावे. शस्त्रक्रियागृहात भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या निळ्या सिलिंडरला मात्र हा हिशेब लावू नये. या वायूचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही ते तापमान, सुमारे ३६.४ अंश असल्याने नेहमीच्या खोलीत तो सिलिंडरमध्ये द्रव आणि बाष्प अशा दोन्ही अवस्थांत असतो, आणि वापरलेल्या वायूची जागा द्रवाचे बाष्पीभवन होऊन भरून निघते. म्हणून २० अंशांना काटा सुमारे ५० बारवरच टिकून राहतो आणि द्रव संपल्यानंतरच झपाट्याने घसरतो. तोवर फारच थोडा वायू शिल्लक असतो. खरा साठा जाणून घ्यायचा असेल, तर सिलिंडरचे वजन करून त्यातून त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा करावे. प्रवाह जास्त असताना सिलिंडरच्या बाहेरून दव किंवा हिमाचा थर दिसला, तर ती गळती समजून गोंधळू नये: बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा (द्रवाचे बाष्प होण्यासाठी लागणारी उष्णता) द्रवातून आणि धातूच्या भिंतीतून खेचला जातो, त्या गारव्याने काटाही थोडा उतरतो आणि प्रवाह थांबवल्यावर हळूहळू पुन्हा चढतो.